तांबूस होण्याआधी

दिवाळी आठ-दहा दिवसांवर आली की आपल्याकडच्या बेकऱ्यांपुढे स्टीलच्या डब्यांची रांग लागते. मैदा, रवा, पिठीसाखर, डालडा, दूध असं सामान घरून बांधून न्यायचं, झाकणावर नावाची चिठ्ठी चिकटवायची आणि नंबर येईपर्यंत उभं राहायचं. बेकरीवाला पीठ मळतो, साच्यातून बिस्किटं पाडतो, पत्रे भट्टीत सारतो. संध्याकाळी डबा घरी येतो आणि पाहुण्यापुढे बशी ठेवताना आपण म्हणतो, "घरचीच आहेत, घ्या." सामान घरचं हे खरंच; आच मात्र परक्याची. आपल्या स्वयंपाकघराने तळणं, उकडणं, परतणं, शेकणं यांत पिढ्यान् पिढ्या हात बसवला, पण चारी बाजूंनी कोरडी आच देणारी भट्टी घरात कधी रुळलीच नाही. आमच्या मुर्री गावातही चुलीच्या जागी गॅस आला, पाट्याच्या जागी मिक्सर आला. बिस्किटं भाजायची म्हटलं की मात्र पाय लागून असलेल्या गोंदियाच्या बाजाराकडेच वळतात.

ती आच घरात यावी म्हणून ही पुस्तिका लिहिली आहे, आणि तिच्यात एकच पदार्थ आहे: मऊ शुगर कुकी. करंगळीएवढी जाड, दाताखाली कडकन न मोडता दबणारी, वर लोणी-साखरेचं फ्रॉस्टिंग. नानकटाई का नाही घेतली, असं कोणी विचारेल. नानकटाई मला प्रिय आहे. पण तिची चव आणि तिचा कस आपल्याला आधीच ठाऊक आहे. ती खुसखुशीत असावी, तोंडात विरघळावी, तुपाचा वास यावा. या कुकीचं तसं नाही. तिच्यासाठी आपल्याला आपली सर्वांत जुनी खोड सोडावी लागते.

ती खोड म्हणजे खमंगपणाची ओढ. रवा भाजला तर तांबूस, बेसन भाजलं तर वास घरभर, चिरोटा तळला तर बदामी, भाकरीला डाग पडलेच पाहिजेत. पदार्थ पांढरा निघाला की आपण त्याला कच्चा म्हणतो आणि पुन्हा आचेवर ठेवतो. आपल्या तळणीत हे शहाणपण आहे, कारण पाणी उडाल्याशिवाय शंकरपाळा टिकत नाही. मऊ कुकी मात्र पांढरट असतानाच बाहेर काढायची असते. कडा जराशा घट्ट झालेल्या, मध्यभाग अजून लिबलिबीत, वरची चकाकी नुकती गेलेली, एवढं दिसलं की ट्रे बाहेर. आणखी दोन मिनिटं ठेवली तर रंग सुरेख येतो आणि तासाभरात तिचं बिस्किट होतं. या पुस्तिकेतली बाकीची मापं जराशी चुकली तरी सांभाळून घेता येतील. ही दोन मिनिटं चुकली तर काही हाती राहत नाही.

म्हणून तो क्षण इथेच नीट पाहून घेऊ. ओव्हन 175 अंशांवर आहे, ट्रे मधल्या कप्प्यात आहे. पहिली चार-पाच मिनिटं कुकी नुसती तुकतुकते, कारण लोणी वितळून वर आलेलं असतं. मग ती जराशी पसरते आणि फुगू लागते, सोडा आणि बेकिंग पावडर आपलं काम करतात. आठव्या-नवव्या मिनिटाला वरचा तुकतुकीतपणा कडेपासून आत सरकत जातो आणि पृष्ठभाग मंद, कोरडा दिसू लागतो. चकाकीचा शेवटचा ठिपका मध्यावर उरला की बोटाच्या टोकाने कडेला हलकेच दाबावं. खळगा पडून अर्धामुर्धा वर आला की झालं. आता सराट्याने उचलायला जाऊ नये, मोडेल. गरम पत्र्यावरच आठ-दहा मिनिटं राहू द्यावी. उरलेली आच पत्रा देतो, आणि खालची बाजू फिक्या सोनेरी रंगावर येऊन थांबते. वरची बाजू पांढरीच राहते, तिथे रंग द्यायला फ्रॉस्टिंग आहे.

हा पदार्थ आपला नव्हे, हे उघड आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या नाझरेथ गावी अठराव्या शतकात आलेल्या मोरेव्हियन पंथीयांशी शुगर कुकीची परंपरा जोडली जाते. ती कुकी साधी होती, तिच्यावर फार तर साखर भुरभुरलेली असे. जाड फ्रॉस्टिंगच्या मऊ कुकीचं आजचं माहेर म्हणजे युटा राज्य. तिथल्या लॉफ्टहाउस कंपनीने ती सुपरमार्केटांत नेली, आणि 2017 मध्ये लोगन गावी सुरू झालेल्या क्रम्बल या दुकानाची गुलाबी फ्रॉस्टिंगची थंड कुकी मोबाइलच्या पडद्यावरून जगभर पोचली. आपल्या मुलींनी ती पाहिली तीही तिथेच. पण बाहेरून आलेला भाजका गोड पदार्थ आपलासा करणं आपल्याला नवं नाही. नानकटाईची कथा सुरतेच्या डच वखारीपर्यंत आणि तिथल्या पारशी दोटीवाला घराण्यापर्यंत नेली जाते. पुण्याच्या लष्करात 1955 साली निघालेल्या कयानी बेकरीने इंग्लंडातल्या एका गावाचं नाव असलेलं श्रूजबेरी बिस्किट इतकं पुणेरी केलं की गोंदियाचा माणूसही पुण्याहून परतताना त्याचा डबा आणतो. गोव्यात नाताळच्या कुस्वारात, म्हणजे फराळात, बोलिन्यास असतात, ओलं खोबरं आणि रवा घातलेल्या. तिथल्या बायकांनी पोर्तुगिजांकडून भाजण्याची रीत घेतली आणि नारळ आपला घातला. मला या सगळ्यांत बोलिन्यासची गोष्ट सर्वांत जवळची वाटते. रीत कुठलीही असो, परसातली वस्तू तिच्यात शिरली की पदार्थ त्या घरचा होतो.

मुर्रीच्या परसात भात आहे. गोंदिया जिल्हा 1 मे 1999 ला भंडाऱ्यातून वेगळा झाला, पण धानाचा पट्टा काही वेगळा झाला नाही. इकडे भंडाऱ्याच्या चिन्नोर तांदळाला 2023 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पलीकडे बालाघाटच्या चिन्नोरला 2021 मध्ये. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या शेतात निवडून वाढवलेला एचएमटी तांदूळ आज घराघरांत शिजतो. राइस मिलमधून निघणारी कणी स्वस्तात मिळते आणि तिचं पीठ आपण पिढ्यान् पिढ्या वापरत आलो आहोत. आता गंमत बघा. मऊ कुकीच्या अमेरिकी कृतींत साध्या मैद्याऐवजी केकचं हलकं पीठ घ्या किंवा मैद्यात कॉर्नफ्लोर मिसळा, असं सांगितलेलं असतं. मैद्यात पाणी पडलं आणि तो मळला की त्यातलं प्रथिन एकमेकांत गुंतून चिवट जाळं होतं, त्यालाच ग्लूटेन म्हणतात. पोळीला ते हवं असतं, कुकीला नको असतं. कॉर्नफ्लोरमध्ये ते प्रथिन नाही, म्हणून मिश्रण हलकं पडतं. तांदळाच्या पिठातही ते नाही. म्हणजे ज्या वस्तूसाठी बाजारातून डबा आणायचा, ती घरच्या पिंपात आहेच.

फक्त पीठ अगदी बारीक हवं. चक्कीवरचं नेहमीचं पीठ दाताखाली रवाळ लागतं. अनारशाला करतो तसा तांदूळ धुवून, सावलीत पसरून, जरा दमट असतानाच मिक्सरवर फिरवावा आणि पीठ बारीक चाळणीतून दोनदा चाळावं. मग ते पूर्ण वाळवून मगच मापावं, नाहीतर त्यातलं पाणी मापात घुसतं. प्रमाण 200 ग्रॅम मैद्याला 25 ग्रॅम तांदळाचं पीठ. चिन्नोरची कणी मिळाली तर तिचा मंद सुवासही कुकीत उतरतो. तांदूळ आपला म्हणून निम्मा घालू, असं मात्र करू नये. जाळं फारच कमी झालं तर कुकी हातात धरवत नाही, भुगा होतो.

दुसरी वस्तू दही. मूळ कृतीत आंबट साय असते, ती आपल्याकडे डब्यात मिळत नाही. तिच्या जागी दही फडक्यात बांधून तीन-चार तास टांगलेला चक्का, 60 ग्रॅम. त्याचा आंबटपणा सोड्याला जागं करतो आणि त्यातली साय कुकीला ओलावा देते. आणखी एक सोय होते, अंडं लागत नाही. आपल्याकडे अंडं खाणारी आणि न खाणारी घरं एकाच गल्लीत असतात. संक्रांतीचं वाण असो की शाळेतला वाढदिवस, सगळ्यांच्या हातावर ठेवता आलं पाहिजे. यावरून बेकिंग पावडरची जन्मकथा आठवते. 1843 साली बर्मिंगहॅमच्या अल्फ्रेड बर्डने ती केली ती बायकोसाठी. तिला यीस्ट चालत नव्हतं. घरातल्या एका माणसाला चालत नाही म्हणून पदार्थ बदलायचा, ही गोष्ट आपल्याकडच्या कुठल्याही सासूला समजावून सांगावी लागणार नाही.

लोण्याबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण आपला उन्हाळा. बटर आणि साखर फेसताना बटर घट्ट पण दबणारं असावं लागतं, साधारण 20 अंशांच्या आसपास. तेव्हाच त्यात हवेचे बारीक बुडबुडे अडकतात, आणि कुकी हलकी होते ती त्या बुडबुड्यांमुळे. मेमध्ये पारा 44-45 अंशांवर जातो तेव्हा गंजातलं बटर डोळ्यांदेखत तेल होतं, मग कितीही फेसलं तरी हवा धरत नाही. उपाय साधा: मोठ्या परातीत बर्फाचं पाणी, त्यात गंज, आणि फेसणं पहाटे. विरजणाचं घरचं लोणी वापरायचं तर ते चांगलं धुवून, दाबून, ताकाचं पाणी काढून टाकावं. विकतच्या बटरमध्ये किमान 80 टक्के स्निग्धांश असतो. घरच्या लोण्यात पाण्याचा भरवसा नसतो. तूप वापरू नये. तुपात पाणी जवळजवळ नसतंच, त्यामुळे कुकी भुरभुरीत होते. नानकटाईला ते शोभतं, इथे नाही. डालड्याचं काय? 1937 पासून तो आपल्या बिस्किटांत आहे आणि उन्हाळ्यात लोण्याआधी वितळत नाही, हा त्याचा गुण खरा. खाद्यतेलं आणि वनस्पतीतल्या ट्रान्स फॅटवर 1 जानेवारी 2022 पासून 2 टक्क्यांची मर्यादाही आली आहे. तरी माझं मत असं की, या कुकीत लोण्याच्या चवीखेरीज लपायला दुसरी चवच नाही. वेलचीचा किंवा व्हॅनिलाचा वास नाकापुरता असतो, जिभेवर लोणीच राहतं. तेव्हा कमी करा, पण लोण्यातच करा.

साखर 110 ग्रॅम, बटर 100. गोड कमी आवडतं म्हणून साखर निम्मी करणारे पुष्कळ भेटतात. त्यांना एवढंच सांगणं आहे की साखर इथे गोडीपुरती नाही. ती पाणी धरून ठेवते. पिठाला ते सगळं शोषू देत नाही, आणि दुसऱ्या दिवशीही कुकी मऊ राहते ती तिच्यामुळे. उलट हात सैल सुटून साखर जास्त पडली, किंवा गोळा गरम असतानाच ट्रेवर ठेवला, तर अनारसा तुपात हसतो तशी कुकी पत्र्यावर हसते आणि सगळ्या मिळून एकच चादर होते. गोळा मळून झाल्यावर तासभर फ्रिजमध्ये विसावू द्यायचा तो यासाठी. पीठही तेवढ्यात ओलावा पिऊन घेतं. अनारशाचं पीठ मुरवत ठेवणाऱ्या घरांना या धीराचं काही वाटणार नाही.

मापं मी ग्रॅममध्ये दिली आहेत, ती मुद्दाम. 1970 साली निघालेल्या 'रुचिरा'त कमलाबाई ओगल्यांनी वाटी-चमच्याची मापं दिली आणि 'अंदाजाने' या शब्दावर चालणाऱ्या घरांत नव्या सुनांना आधार मिळाला, हे त्यांचं ऋण मोठं आहे. भाजीला, आमटीला वाटी पुरते. पण एकाच कपात मैदा चमच्याने हलका भरला तर 120 ग्रॅम बसतो आणि दाबून भरला तर 150. भाजीत पाणी वाढवून हे सावरता येतं, ओव्हनमध्ये गेलेल्या कुकीत हात घालता येत नाही. तीन-चारशे रुपयांचा छोटा डिजिटल काटा हा या कामातला सर्वांत चांगला खर्च आहे. महागड्या साच्यांआधी तो घ्यावा. गोल कापायला वाटीची कड पुरते.

ओव्हनबद्दल धास्ती बाळगू नये. 20-25 लिटरचा ओटीजी 1500 वॅटचा असला तरी तासभराच्या कामाला दीड युनिटच्या वर वीज घेत नाही, कारण तापल्यावर तो मधूनमधून बंद होतो. इन्व्हर्टरवर मात्र चालवू नये. काचेची खिडकी असलेला जुना गोल ॲल्युमिनियमचा ओव्हन अनेक घरांत माळ्यावर पडलेला असतो, तोही चालतो. काहीच नसेल तर जाड बुडाची लोखंडी कढई, तळाला मिठाचा बोटभर थर, वर तिवई, तिच्यावर ताटली, आणि घट्ट झाकण. मंद आचेवर पंधरा मिनिटं तापवून मग कुकी आत ठेवावी. कढईत आच खालून जास्त लागते, म्हणून ताटलीखाली आणखी एक ताटली ठेवावी. पुष्कळजण यासाठी कुकर वापरतात. वापरायचाच तर रबर आणि शिट्टी काढून ठेवावी, आणि रोजच्या डाळ-भाताचा कुकर यात घालू नये, कोरडा तापून तो खराब होतो. ओव्हन कुठलाही असो, आतला छोटा थर्मामीटर घेतलाच पाहिजे. बटणावर 175 लिहिलेलं असतं तेव्हा आत 160 असू शकतं किंवा 195, आणि मघाशी म्हटलेली ती दोन मिनिटं त्या फरकातच जातात.

फ्रॉस्टिंग म्हणजे 60 ग्रॅम बटर, 150 ग्रॅम चाळलेली पिठीसाखर, चिमूटभर मीठ आणि एक-दोन चमचे थंड दूध. पिठीसाखर घरी दळली तर लगेच वापरावी. पावसाळ्यात ती रात्रीत दगड होते. विकतच्या आयसिंग शुगरमध्ये थोडं कॉर्नफ्लोर असतं, ते याच कारणासाठी. हे फ्रॉस्टिंग दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत आपल्याकडे सुंदर राहतं. एप्रिल-मेमध्ये बटर 32-35 अंशांवर वितळतंच, तिथे हट्ट करू नये. त्या दिवसांत बटर वगळून पिठीसाखर आणि दूध दाट कालवून त्याचा थर द्यावा. तो वाळून वर पातळ पापुद्रा धरतो आणि आतून जरा मऊ राहतो. रंगासाठी बाटलीतला लाल गुलाबी लागत नाही. बीट किसून, पिळून, तो रस आटवून दोन थेंब घातले की सुरेख गुलाबी येतो, आणि फ्रॉस्टिंगला आच लागत नसल्याने टिकतोही. पिवळ्यासाठी दुधात भिजवलेलं केशर. हळद वापरायची तर फ्रॉस्टिंगमध्येच, चिमटीच्याही निम्मी. गोळ्यात घातली तर सोड्याशी गाठ पडून लालसर होते.

आता एक प्रश्न उरतो, तो घरोघरी विचारला जाईल. पाच-दहा रुपयांत पुडा मिळतो, मग हा खटाटोप कशाला? ब्रिटानिया 1892 मध्ये आणि पार्ले 1938 च्या सुमाराला बिस्किटं करू लागले. रेल्वेने, ट्रकने महिनोन् महिने फिरून गावच्या टपरीपर्यंत धड पोचावं म्हणून कारखान्याचं बिस्किट कोरडं असतं. त्यात पाण्याचा अंश पाच टक्क्यांहूनही कमी ठेवावा लागतो. त्या बिस्किटाने या देशातल्या कोट्यवधी लेकरांची सकाळ भागवली आहे आणि त्याला कमी लेखण्याचं कारण नाही. पण मऊपणा त्याला परवडत नाही. ओलावा ठेवला की बुरशी येते, आणि ती टाळायला आणखी द्रव्यं घालावी लागतात. घरच्या कुकीला महिनोन् महिने टिकायचं नसतं. हवाबंद डब्यात ती हिवाळ्यात तीन-चार दिवस मऊ राहते; उन्हाळा-पावसाळ्यात फ्रिजमध्ये ठेवून दोन दिवसांत संपवावी, आणि ती संपतेच. आज ताजा मऊ गोड पदार्थ म्हणून क्रीमच्या केकखेरीज मुलांना फारसं काही मिळत नाही, आणि तोही लांबून आलेला. ही जागा घरांनी घ्यावी असं मला मनापासून वाटतं. ज्या बायकांना पुढे ऑर्डरी घ्यायच्या असतील त्यांनी अन्नसुरक्षेची नोंदणी आधी करून घ्यावी. घरातून विकणाऱ्यालाही ती लागते.

पुढच्या पानांवर कृती क्रमाने आहे. सांगितलेल्या मापात अठरा-एक कुकी होतात, पण पहिल्या वेळी सगळ्या एकदम भाजू नका. तीन ठेवा, नऊ मिनिटांनी काढा. पुढच्या तीन दहा मिनिटांनी, त्यापुढच्या अकरा. थंड झाल्यावर मोडून बघा आणि आपल्या ओव्हनला जमलेली वेळ पुस्तिकेच्या मागच्या कोऱ्या पानावर लिहून ठेवा. गोळ्याचा उरलेला भाग झाकून फ्रिजमध्ये दोन दिवस राहतो.